गावचे ऑनलाइन कार्यक्रम: बघणारे वाढले, बोलणारे कसे वाढवायचे?

खाडीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीला लागून. गावात राहणारे थोडे, मुंबई-ठाणे-पुण्यात त्याहून जास्त, आणि आता बरेच जण आखातात, काही थेट इंग्लंडात. २०२० साली गणपतीला गावी यायचं तर आधी विलगीकरणात राहावं लागत होतं, त्यामुळे त्या वर्षी पुष्कळ चाकरमानी आलेच नाहीत. तेव्हा आम्ही घरची आरती मोबाइलवरून दाखवायला सुरुवात केली, ती प्रथा पडून गेली. आता ग्रामदेवतेचा उत्सव, शिमग्याची पालखी, नवरात्रातलं कीर्तन, सगळं लाइव्ह जातं. शिवाय महिन्यातून एकदा ऑनलाइन बैठक असते.

लाइव्ह बघणारे वर्षागणिक वाढतायत, त्याचा आनंदच आहे. पण बैठकीला बोलणारी माणसं ठरलेली पाच-सहा. बाकीचे येतात, कॅमेरा बंद ठेवतात, जोडलेल्या हातांचं चित्र टाकतात आणि निघून जातात. मुंबईत वाढलेल्या मुलांना पालखी ओळखू येते, पण ती ज्या अंगणात नाचते ते अंगण कोणाचं, हे सांगता येत नाही. मला ही गोष्ट फार लागते. गावाशी नातं म्हणजे नुसतं देवाचं दर्शन नव्हे, एकमेकांना ओळखणं आहे.

एक कार्यक्रम मात्र असा झाला की लोक उठायला तयार होईनात. गणेश चतुर्थीच्या आधी आमच्या वाडीतल्या एका काकींनी ऑनलाइन मोदक शिकवले. त्यांच्या सुनेने फोन पिठाच्या डब्याला टेकवून असा ठेवला की काकींचा चेहरा दिसेना, फक्त परात आणि हात. आधीच सांगितलं होतं की प्रत्येकाने आपापल्या घरी उकड काढून तयार बसायचं. एकीची उकड चिरत होती. काकी म्हणाल्या, "गार होऊ दिलीस. तुपापाण्याचा हात लाव आणि गरम असतानाच मळ, चटका सोसत नसेल तर वाटीच्या बुडाने मळ." अंधेरीतल्या एका मुलाने पारी इतकी पातळ केली की सारण बाहेर आलं, तर काकींनी त्याला कॅमेऱ्याजवळ हात आणायला लावला आणि अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं. कळ्या पाडता पाडता बोलणं सुरू झालं: कोणाची आजी किती कळ्या पाडायची, कोणाच्या घरी सारणात खसखस घालतात, कोण कोणाची भाची. ज्या बायका बैठकीत कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या त्या सगळ्यात जास्त बोलल्या. नंतर त्यांनीच आपसात फोन नंबर घेतले.

त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. ज्याच्या हाताला काम आणि ज्याच्या नावाने हाक, तोच जोडला जातो. गावच्या उत्सवात हेच तर असतं. निशाण कोणी धरायचं, अबदागिरी कोणाकडे, ढोल कोणत्या वाडीचा, पहिला नारळ कोणाचा, सगळं वाटून दिलेलं. नुसतं बघायला कोणी नसतंच. ऑनलाइन आल्यावर आपण सगळ्यांनाच बघ्यांच्या रांगेत बसवलं.

तुमच्या गावांत, मंडळांत, जमातीत काय करता? आणि तांत्रिक अडचणींवर कोणी सविस्तर लिहिलं तर फार उपकार होतील. आमच्याकडे पावसात वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही बंद पडतो, आणि रेंज हवी तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, जावं लागतं.

---

फणसगरा

धागा काढलात ता बरा केलात. आमी कुडाळचे, म्हणान आधी थोडी मालवणी, पुढे सगळ्यांसाठी मराठीत लिहितो.

कामाबद्दल तुम्ही म्हणता ते पटलं. त्यात एक भर घालतो. कोणता प्रकार फोनवरून नेता येतो आणि कोणता येत नाही, हे आधी ओळखायला हवं.

आरती घ्या. आरतीला सगळ्यांची टाळी एका ठेक्यावर पडावी लागते. फोनवरून आवाज पोचायला जो थोडा उशीर लागतो त्यात ती जमणारच नाही. कडवं संपलं तरी कोणीतरी मागे राहून गातच असतो. आम्ही आता एकाच घरातून आरती म्हणतो, बाकी सगळे म्यूट राहून आपापल्या घरी म्हणतात. बरं वाटतं, पण एकत्र म्हटल्यासारखं नाही वाटत.

गाऱ्हाणं मात्र फोनवरून सुंदर होतं. आमच्याकडे मानकरी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, प्रत्येक मागणीनंतर थांबतो आणि जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" यात एक बोलतो, मग बाकीचे. उत्तर पुढे-मागे आलं तरी काही बिघडत नाही. आम्ही त्या वेळी सगळ्यांना म्यूट काढायला सांगतो. देवळातल्या स्पीकरवर मुंबईहून, पुण्याहून, दुबईहून एकामागून एक "व्हय म्हाराजा" येतं. मानकऱ्यालाही कळतं की किती घरं हजर आहेत. "जे लेकरू परमुलखात गेला हा, तेका सुखात ठेव," असं तो म्हणतो, तेव्हा ते लेकरू स्वतः उत्तर देत असतं. गेल्या वेळी हे ऐकताना माझे डोळे भरून आले.

म्हणून सवाल-जबाबाचे प्रकार निवडा. डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, तोसुद्धा त्यामुळेच चालतो. दोन बुवा, एक म्हणून थांबतो, मग दुसरा. सगळ्यांनी एकत्र म्हणायच्या गजरालाच काय ती पंचाईत.

---

वायरमन

तांत्रिक बाजू मी लिहितो. चिपळूण परिसरात साउंडची कामं करतो.

आवाज पोचायला लागणारा उशीर नेटच्या वेगावर थोडा आणि अंतरावर, वायफायवर, ॲपच्या प्रक्रियेवर जास्त अवलंबून असतो. साधारण तीस मिलिसेकंदांच्या वर गेला की वाजवणाऱ्यांचा ठेका सुटायला लागतो. व्हिडिओ कॉलमध्ये तो त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणजे महागडं नेट घेतलं तरी एकत्र भजन होणार नाही, त्यावर पैसे घालवू नका.

दुसरं, पखवाज आणि झांज. पुष्कळांची तक्रार असते की बुवांचा आवाज येतो पण पखवाज मध्येच गायब होतो. फोनचा दोष नाही तो. ही ॲप माणसाचं बोलणं ठेवून बाकी सगळं गोंगाट समजून दाबतात, पंखा असो की पखवाज. झूममध्ये "ओरिजिनल साउंड" नावाची सोय आहे, ती चालू केली की वाद्यं जशीच्या तशी जातात. मात्र मग पंखा, पाऊस, कुत्र्याचं भुंकणंही जातं, त्यामुळे बोलण्याच्या बैठकीला ती बंदच ठेवा.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. चित्र अडकलं तर माणूस थांबतो, आवाज तुटला की निघून जातो. कॉलर माइक एक घ्या, बोलणाऱ्याकडे फिरवत राहा. सभामंडपात चार जण चार फोनवरून त्याच बैठकीत शिरले की शिट्टी वाजते. एकच फोन स्पीकरवर ठेवायचा, बाकीच्यांनी निघायचं.

डेटा: झूमवर व्हिडिओ चालू ठेवला तर तासाला अर्धा जीबी ते दीड जीबी जातो. ज्यांचा रोजचा डेटा मोजका आहे त्यांना कॅमेरा बंद ठेवू द्या, त्यावरून टोकू नका. आणि झूमचं फुकटचं खातं असेल तर चाळीस मिनिटांत बैठक तुटते. गप्पा रंगात येतात नेमक्या तेव्हाच. मंडळाने वर्गणीतून एक खातं विकत घ्यावं, किंवा गुगल मीट वापरावं, तिथे फुकटात तास मिळतो.

विजेसाठी राऊटरचा छोटा बॅकअप मिळतो, इन्व्हर्टरपेक्षा पुष्कळ स्वस्त. टॉवर गेला तर मात्र इलाज नाही. म्हणून आमचा नियम असा की जून ते ऑगस्ट कार्यक्रम गावातून चालवायचा नाही, होस्ट मुंबईतला ठेवायचा. गावचं कनेक्शन गेलं तरी बैठक मोडत नाही.

---

कुवेतवाला

अस्सलाम आलेकुम आणि नमस्कार. माझं गाव दापोली तालुक्यात, घर कुवेतला.

वेळेबद्दल लिहायचं आहे, कारण याचा विचार कोणी करत नाही. गावची प्रत्येक बैठक रविवारी संध्याकाळी. कुवेतला सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवार हा आमच्या आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. आमची घड्याळं भारताच्या अडीच तास मागे. तुमचे रविवारचे सात म्हणजे आमचे साडेचार, तेव्हा मी कामावरून निघत असतो, गाडीत. सौदी, कतारवाल्यांचंही तसंच. दुबईत २०२२ पासून शनिवार-रविवार झाला, म्हणून तिकडचे हजर राहू शकतात. मग गावात बोललं जातं की कुवेतवाल्यांना गावाची पर्वा उरली नाही. हे ऐकून वाईट वाटतं.

आमच्या मोहल्ल्याने यावर तोडगा काढला: एक महिना शुक्रवारी रात्री आठ, पुढचा महिना रविवारी. शुक्रवारचे आठ म्हणजे इथे साडेपाच, जुमा होऊन जेवून माणूस निवांत असतो. हजेरी दुप्पट झाली म्हणायला हरकत नाही.

आणखी एक. आम्हाला भाषणं नको असतात, हर्णै बंदर हवं असतं! एक चुलतभाऊ संध्याकाळी लिलावाच्या वेळी फोन घेऊन फिरतो. होड्या लागलेल्या, टोपल्या उतरतायत, बोली चाललेली. इकडून फर्माइशी: "जरा डावीकडे दाखव, ती सुरमई केवढ्याला गेली?" तो विचारून सांगतो. मासळीवाल्या बायका आता त्याला ओळखतात, आणि ज्यांना दाखवलेलं आवडत नाही त्यांच्याकडे तो कॅमेरा नेत नाही. इथे जन्मलेली माझी मुलगी त्यातूनच सुरमई आणि बांगडा ओळखायला शिकली. तिने एकदा तिथल्या एका मावशींना विचारलं, "तुम्ही रोज इथेच असता का?" मावशी म्हणाल्या, "ये तू, बघ." सुट्टीत गेलो तेव्हा मुलगी आधी बंदरावर गेली, मग नातेवाइकांकडे.

---

लाल_माती

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका. मी गावातच राहतो. सगळं लाइव्ह दाखवायला लागल्यापासून शिमग्याला येणारी माणसं कमी झाली असं आमच्या वाडीचं स्पष्ट मत आहे. पालखी खांद्यावर घ्यायला खांदे लागतात, फोन नाही. होळीचं झाड तोडून आणायला माणसं लागतात. फोनवर बघून समाधान होत असेल तर रजा टाकून, गाडीची गर्दी सोसून कोण येणार?

शिवाय देवाचा कौल घेताना, कोणी आपलं घरचं दुःख देवापुढे मांडताना, ते सगळ्या जगाला का दाखवायचं? आमच्या गावात एका बाईंचं बोलणं असंच बाहेर पसरलं आणि तिला फार मनस्ताप झाला.

---

खाडीकाठ

लाल_माती, राग कसला? हे लिहिलंत म्हणून बरं वाटलं. कौलाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे गुरव आणि मानकऱ्यांनी बसून ठरवलं: पालखी सहाणेवर (पालखी बसवायच्या जागी) बसलेली आणि मैदानात नाचताना दाखवायची. कौल, वैयक्तिक नवस, घराघरांतली ओटी यातलं काही दाखवायचं नाही. पालखी घरी गेली आणि घरवाल्यांनी स्वतः आपल्या माणसासाठी फोन लावला तर तो त्यांचा प्रश्न. हा निर्णय देवळात सर्वांसमोर वाचून दाखवला, त्यामुळे लाइव्ह करणाऱ्या मुलांनाही कोणाला नाही म्हणताना संकोच वाटत नाही.

येणारे कमी झाले यावर मात्र माझा अनुभव थोडा वेगळा आहे. जे नुसतं लाइव्ह बघतात त्यांचं गावी येणं कमी झालं, हे खरं असू शकेल. पण आधी ऑनलाइन बसून ज्यांनी काही अंगावर घेतलं ते आवर्जून येतात. खांदेकऱ्यांच्या पाळ्या आम्ही आता बरंच आधी बैठकीत लावतो. नाव लागलं की माणूस तिकिटाच्या मागे लागतो. गणपती-शिमग्याच्या कोकण रेल्वेचं आरक्षण उघडल्या उघडल्या संपतं, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आरक्षण उघडायच्या तारखेआधीच पाळ्या ठरवतो.

---

गिरणगाव

मंडळी, मी वयाने बहुधा इथे सर्वांत मोठा. माझे वडील गिरणीत होते. लालबागला गाववाल्यांची खोली होती. एका खोलीत गावचे कितीतरी गडी, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी, पाळीप्रमाणे झोपायचं. महिन्यातून एकदा मंडळाची सभा त्याच खोलीत. तुम्ही आज जे करताय, म्हणजे गावापासून दूर राहून गाव धरून ठेवणं, ते कोकणी माणूस फार पूर्वीपासून करत आला आहे. तेव्हा पोस्टकार्ड आणि मनीऑर्डर होती, एवढाच फरक.

त्या सभेची पद्धत सांगतो, उपयोगी पडेल. सुरुवातीला हजेरी. नाव पुकारायचं, माणूस "हजर" म्हणायचा. जो नसेल त्याच्याबद्दल लगेच विचारणा: आजारी आहे? गावी गेलाय? कोणाशी भांडलाय? आणि एकाला सांगितलं जायचं की उद्या त्याच्या खोलीवर जाऊन ये. मग गावाहून आलेली पत्रं मोठ्याने वाचायची. मग गावी जाणाऱ्याबरोबर कोण काय पाठवणार ते. देवळाच्या कामाची वर्गणी सगळ्यात शेवटी. पैशाचा विषय आधी निघाला की माणसं पुढच्या सभेला येत नाहीत, असं वडील म्हणायचे, आणि ते मी स्वतः पाहिलं आहे.

१९८२ च्या संपानंतर पुष्कळ जण गावी परतले, खोल्या रिकाम्या होत गेल्या. मंडळं टिकली ती विचारपूस करणाऱ्यांची. आमच्या मंडळाच्या ऑनलाइन सभेत आजही मी हजेरी घेतो. जो आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी फोन जातो. हे काम तरुण मुलांना वाटून दिलं आहे, एकेकाकडे थोडी थोडी घरं. म्हातारी माणसं त्या फोनची वाट बघतात.

---

सुपारी

श्रीवर्धनहून लिहितेय. गिरणगाव काकांचं वाचून निसर्ग वादळाचे दिवस आठवले. ३ जून २०२० ला वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं-पत्रे उडाले, आणि वीज यायला फार दिवस लागले. फोन गाडीच्या बॅटरीवर चार्ज करत होतो.

तेव्हा मुंबईच्या मंडळींनी रोज रात्री बैठक घेतली. गावातला एकच माणूस, रेंज मिळेल तिथे जाऊन, घरनिहाय यादी वाचायचा: कोणाचं छप्पर गेलंय, कोणाकडे ताडपत्री पोचली, कोणाचं औषध संपलंय. पलीकडून एकेक जण म्हणायचा, "हे घर माझ्याकडे." त्या बैठकांत ना स्वागत ना आभार. पण ज्यांनी ज्या घराची जबाबदारी घेतली, त्यांचं त्या घराशी आजही जाणं-येणं आहे. आमच्या घराचे पत्रे ज्यांनी पाठवले ते कुटुंब त्याआधी आम्हाला नावानेच ठाऊक होतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या लोकांनी तीच यादीची पद्धत तिथल्या नातेवाइकांना सांगितली.

संकटाशिवायही हे करता येतं. आम्ही आता पावसाआधी एक बैठक घेतो: एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी, आणि प्रत्येकाच्या नावापुढे मुंबईतलं एक आणि गावातलं एक नाव.

---

आगबोट

मी मर्चंट नेव्हीत आहे. जहाजावरचं नेट पूर्वीपेक्षा बरं, तरी दोन तासांचं रेकॉर्डिंग उतरवणं शक्य नसतं, आणि खरं सांगायचं तर जमिनीवर असतानाही ते कोणी पूर्ण बघत नाही. आमच्या गावातली एक मुलगी प्रत्येक बैठकीनंतर पाच मिनिटांचा आवाजी निरोप करून ग्रुपवर टाकते. काय ठरलं, कोणाकडे बाळ झालं, कोण गेलं. आणि शेवटी गैरहजर असलेल्या प्रत्येकाला नाव घेऊन एक प्रश्न. मला विचारलं होतं, "दादा, शाळेच्या मुलांना तुमच्या इंजिनरूमचा आवाज ऐकायचाय, पाठवाल का?" मी परवानगी काढून पाठवला. मुलांनी उलट प्रश्नांची माळ लावली. बंदरात लागलं की एकेकाचं उत्तर देतो. समोरासमोर एकदाही न बसता त्या मुलांची आणि माझी चांगली ओळख झाली आहे.

---

फणसगरा

आगबोट, ह्या फारच आवडला. आमच्या शाळेत विचारतंय.

वायरमन, एक शंका. दशावतार दाखवायचा आहे. पेटी, मृदंग आणि झांज एका बाजूला, पात्रं मध्ये बोलतात, आणि संवाद लिहिलेले नसतात, नटांना जागच्या जागी सुचतात. कॉलर माइक कोणाला लावणार? ओरिजिनल साउंड चालू ठेवू का?

---

वायरमन

दशावताराला माइक माणसाला लावू नका, वेशभूषा आणि लढाईत तो टिकत नाही. मंडळाचा ध्वनिक्षेपक असेलच. त्याच्या मिक्सरमधून एक वायर थेट फोनमध्ये घ्या, जोडणी बाजारात मिळते. आधी फोनला चार भागांची, माइकवाली पिन बसते का ते तपासा, नाहीतर आवाज जात नाही. झूमवर दाखवलंत तर ओरिजिनल साउंड चालू. पण झूमपेक्षा यूट्यूबवर लाइव्ह करा, बघणाऱ्यांना उशिराचा काही त्रास नाही.

मात्र नाटक संपल्यावर लगेच झूमची लिंक टाका आणि नटांना रंग उतरवता उतरवता तिथे बसवा. आमच्याकडे तोच भाग लोकांना सर्वांत आवडला. संकासुराचं काम करणाऱ्याला ठाण्यातल्या एका शाळकरी मुलाने तलवारीबद्दल विचारलं, तर त्याने ती लाकडाची कशी करतात, त्यावर वर्ख कसा लावतात ते हातात धरून दाखवलं.

---

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या पुढच्या बैठकीसाठी हे ठरवते आहे: गिरणगाव काकांप्रमाणे हजेरी, वर्गणी शेवटी, होस्ट मुंबईतला, आणि कुवेतवाल्यांसाठी या वेळी शुक्रवार रात्री आठ. कार्यक्रम कोकमाचा ठेवला आहे. एक आजी आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, कसं काढतात ते दाखवणार आहेत. लाल_माती, तुमच्या गावातून कोणी यायला तयार असेल तर लिंक व्यक्तिगत निरोपातून पाठवते. मीठ किती घालायचं यावर दोन तालुक्यांचं एकमत होतं का, तेही बघू.

---

लाल_माती

माझ्या आईला घेऊन बसतो. मिठाचं प्रमाण ती सांगेल. लिंक पाठवा.